खटल्यानंतरची रखमाबाई

आमच्या सनीव्हेलमध्ये मराठी घर म्हटले की घरात एकतरी संगणकवाला असायचाच. पण अधूनमधून एखादी मुलगी किंवा सून वाट बदलते आणि इस्पितळाच्या कारभाराचे शिक्षण घ्यायला निघते. मग भारतातून आलेली वडीलधारी मंडळी जरा चाचरत विचारतात, की म्हणजे ती डॉक्टर होणार नाही तर! इस्पितळ चालवणे हे स्वतंत्र काम आहे, त्याला वेगळी बुद्धी आणि वेगळे काळीज लागते, हे आपल्या लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. अशा वेळी आम्हांला डॉ. रखमाबाईंची आठवण होते.

रखमाबाई म्हटले की वाचकांना खटला आठवणार, हे आम्हांला ठाऊक आहे. तो थोडक्यात सांगून टाकतो. २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. वडील लहानपणीच गेले. आई जयंतीबाई यांनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हे सावत्र वडील ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे विद्वान गृहस्थ होते आणि मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेच्या संस्थापकांपैकी एक. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले, पण त्या सासरी नांदायला गेल्या नाहीत. १८८४ साली दादाजींनी मागणी केली, आणि प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. बाईंनी तुरुंग पसंत असल्याचे कळवले. लोकमान्यांच्या 'केसरी'ने त्यांच्यावर टीकेचे आसूड ओढले, मलबारींसारख्या सुधारकांनी पाठराखण केली, विलायतेतल्या वर्तमानपत्रांतही गाजावाजा झाला. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यामागे या खटल्याचा जोर होता, असे इतिहासकार सांगतात.

पण हा सारा प्रकार चार वर्षांचा. त्यानंतर बाईंनी सुमारे पस्तीस वर्षे इस्पितळे चालवली, आणि त्याविषयी आपल्याकडे चार वाक्येसुद्धा धड सांगता येत नाहीत. कोर्टात नाही म्हणणारी तरुणी सगळ्यांना माहीत, आणि रोज सकाळी वॉर्डातून फेरी मारणारी प्रौढ बाई कोणालाच नाही! आम्हांला हे फार अन्यायाचे वाटते.

मुळात बाईमाणसाने इस्पितळ चालवावे ही कल्पना मुंबईत कशी आली, ते पाहण्यासारखे आहे. परपुरुष डॉक्टरला अंगाला हात लावू द्यायचा नाही म्हणून कितीतरी बायका बाळंतपणात उपचारावाचून जात असत. यावर उपाय काढण्यासाठी मुंबईत जो निधी उभा राहिला, त्याच्या दोन पुढाऱ्यांपैकी एक पारशी समाजाचे सोराबजी शापुरजी बंगाली, आणि दुसरे चक्क अमेरिकन! जॉर्ज किटरिज हे त्यांचे नाव. मुंबईच्या घोड्यांच्या ट्रामगाड्यांशी संबंध असलेले व्यापारी. या मंडळींनी विलायतेहून डॉ. एडिथ पीची यांना बोलावून घेतले. पेस्तनजी कामा यांच्या देणगीतून कामा इस्पितळ उभे राहिले आणि १८८६ मध्ये सुरू झाले. तिथला कारभार स्त्री डॉक्टरांच्याच हाती राहावा अशी योजना होती. याच पीचीबाईंनी रखमाबाईंना वैद्यकाकडे वळवले आणि विलायतेस जाण्यासाठी पैसा उभा करायला मदत केली.

१८८९ साली बाई लंडनला गेल्या. तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेच्या प्रमुख होत्या डॉ. एलिझाबेथ गॅरेट अँडरसन. त्यांनी लंडनमध्ये स्वतःच एक इस्पितळ काढले होते, आणि तिथे डॉक्टर सगळ्या बायकाच होत्या. म्हणजे परीक्षेच्या पुस्तकांबरोबर रखमाबाईंच्या डोळ्यांसमोर हेही होते, की इमारत, हिशेब, नोकरमाणसे, देणगीदार या सगळ्यांचा गाडा बाई ओढू शकते. १८९४ मध्ये शिक्षण पुरे झाले. एम.डी. ही पदवी त्यांनी ब्रुसेल्सहून घेतली, कारण लंडनचे सगळे दरवाजे बायकांना अजून मोकळे नव्हते.

त्यांना पुष्कळदा पहिली भारतीय स्त्री डॉक्टर म्हटले जाते. ते खरे नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये इथे अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या, पण कोल्हापूरच्या इस्पितळातली नेमणूक हाती असूनही पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. कलकत्त्याच्या कादंबिनी गांगुलींनीही १८८६ पासून व्यवसाय केला. रखमाबाईंचे मोठेपण पहिल्या नंबरावर उभे नाही. ते टिकून राहण्यात आहे.

परत आल्यावर थोडे दिवस कामा इस्पितळात काढून १८९५ मध्ये त्या सुरतेच्या बायकांच्या इस्पितळाच्या प्रमुख झाल्या. परका गाव, भाषा गुजराती, आणि नावाला चिकटलेली खटल्याची कीर्ती! आता त्या काळच्या जनाना इस्पितळाचा कारभार म्हणजे काय, याची कल्पना वाचकांनी करावी. पडदा पाळायचा, म्हणून ये-जा करणाऱ्या पुरुषांवर नजर. जातिपातींची सोवळी सांभाळायची, म्हणून स्वयंपाकाची, पाण्याची, भांड्यांची वेगळी सोय. नाहीतर बाई खाटेवरून उठून घरी चालती व्हायची. गावच्या सुइणींना दुखवायचे नाही, पण त्यांच्या हातची घाण मात्र थांबवायची. औषधांचा साठा, परिचारिकांचे शिक्षण, शेठ लोकांच्या देणग्या, सरकारी अहवाल. आणि या सगळ्यानंतर शस्त्रक्रिया! आजच्या इस्पितळात यातल्या एकेका कामाला एकेक खाते असते. त्या काळी एक डॉक्टरीणबाईच सगळी खाती होती.

सर्वांत अवघड काम मात्र रोगी आणण्याचे होते. खाटा तयार, औषधे तयार, पण इस्पितळात गेलेली बाई परत येत नाही अशी गावात समजूत. याबाबत एक गोष्ट सांगतात. बाईंनी एक गाभण शेळी इस्पितळात आणवली, तिचे बाळंतपण नीट पार पाडले, आणि शेळी व करडे दोन्ही धडधाकट असल्याचे बायकांना दाखवले. मग भीती चेपली म्हणे. गोष्ट थोडी रंगवलेली असेलही. पण तिच्यातला व्यवहार आम्हांला अगदी खरा वाटतो. भाषणाने विश्वास बसत नाही हे ज्याला कळले, त्याला इस्पितळ चालवता येते.

सुरतेत बाई बावीस-तेवीस वर्षे राहिल्या. प्लेगची वर्षे, गुजरातेतला १९०० चा दुष्काळ, सगळे त्याच काळात. १९१८ च्या सुमारास त्यांना सरकारी स्त्री-वैद्यकीय सेवेत बोलावणे आले. ही सेवा १९१४ मध्ये निघाली होती, कारण त्यापूर्वी अनेक ठिकाणी स्त्री डॉक्टर इस्पितळ सांभाळीत आणि वरून जिल्ह्याचे पुरुष सिव्हिल सर्जन त्यांच्यावर हुकूम चालवीत, ही फार जुनी कुरकुर होती. नव्या सेवेत मान होता, बढती होती. बाईंनी ती नाकारली आणि राजकोट संस्थानच्या जनाना इस्पितळाची जबाबदारी घेतली. का, याचा आम्ही अंदाजच करू शकतो. मोठ्या यंत्रातले चाक होण्यापेक्षा लहान इस्पितळाची किल्ली आपल्या कनवटीला असावी, असे त्यांना वाटले असेल. ज्या बाईने अठराशे सत्त्याऐंशी साली उच्च न्यायालयाचा हुकूम मानला नाही, ती साठीच्या उंबरठ्याशी आली म्हणून कोणाच्या हुकमाखाली सुखाने नांदेल, असे आम्हांला तरी वाटत नाही. राजकोटला त्यांनी रेड क्रॉसची शाखाही उभी केली.

एक गोष्ट मात्र आमच्या मनात राहून राहून येते. १९०४ साली दादाजी वारले. ज्यांच्या घरी जायचे नाही म्हणून तुरुंगाची तयारी केली, त्यांच्या निधनानंतर रखमाबाईंनी पांढरे लुगडे नेसायला सुरुवात केली. सुधारकांना हे रुचले नसणार, आणि सनातन्यांना याचा अर्थ लावता आला नसणार. आमच्या घरच्या चर्चेतही यावर दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, संस्कार सुटत नाहीत. दुसरा म्हणतो, की ज्या बायकांच्या घरात शिरून विश्वास मिळवायचा, त्यांच्या नजरेला बोचू नये म्हणून त्या धूर्त प्रशासक बाईने वेष पत्करला. आम्ही दुसऱ्या पक्षात आहोत, पण पैज लावणार नाही.

१९३० च्या आसपास निवृत्त होऊन बाई मुंबईस परतल्या. १९२९ मध्ये त्यांनी पडद्याची चाल बंद करण्याविषयी पुस्तिका लिहिली. ज्या पडद्यासाठी तीन तपे इस्पितळात सोयी केल्या, त्याच्याविरुद्ध बोलायला त्या नोकरीच्या अखेरीस मोकळ्या झाल्या असाव्यात. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, त्या मुंबईत वारल्या. मोहिनी वर्दे यांनी त्यांचे चरित्र मराठीत लिहिले आहे. मिळाल्यास जरूर वाचावे, आणि वाचताना खटल्याची पाने संपली म्हणून पुस्तक मिटू नये.