पिठातल्या किड्याची साक्ष

मुलगा की मुलगी, हे ठरतं कशावरून? माणूस विचार करू लागला तेव्हापासून त्याला हा प्रश्न पडत आला आहे, आणि उत्तर ठाऊक नसताना ते ठामपणे देण्याचा त्याचा उत्साहही तितकाच जुना आहे. ग्रीकांच्या ॲरिस्टॉटलचं मत असं, की पुरुषाच्या बीजाची उष्णता पुरी पडली तर मुलगा, कमी पडली तर मुलगी. आपल्या आयुर्वेदात शुक्र अधिक तर पुत्र, शोणित अधिक तर कन्या. पुंसवनाचा संस्कार तर गर्भ राहिल्यानंतरही निकाल आपल्या बाजूनं फिरवता येईल, या आशेवर उभा. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीनं मुलाच्या हव्यासापायी पहिल्या राणीला दूर सारलं. दुसरीलाही मुलगीच झाली, आणि १५३६ मध्ये तिचा तर शिरच्छेदच झाला. कारणं देशोदेशी निरनिराळी सांगितली गेली, दोष मात्र बहुतेक वेळा एकाच पत्त्यावर पोचत आला : बाईच्या कुशीवर.

या जुन्या खटल्यात १९०५ साली एक साक्ष नोंदली गेली. साक्षीदार होता पिठात होणारा एक क्षुद्र भुंगेरा, आणि साक्ष नोंदवून घेणारी होती एका सुताराची लेक. तिचं नाव नेटी मारिया स्टीव्हन्स.

नेटीचा जन्म ७ जुलै १८६१ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या कॅव्हेंडिश गावचा. ती जेमतेम दोन वर्षांची होते न होते तोच आई गेली. वडिलांनी दुसरं लग्न केलं आणि बिऱ्हाड मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्टफर्ड गावी हलवलं. सुतारकाम करून त्यांनी पोटापुरतं मिळवलं, आणि नेटी व तिची बहीण एमा या दोघींनाही शिकवलं. त्या काळी मुलींनी शिकून करायचं काय, याचं उत्तर आपल्याकडच्यासारखंच होतं : फार तर मास्तरीण व्हायचं. नेटी १८८० मध्ये शाळेतून बाहेर पडली आणि शिक्षिका झाली. शरीरशास्त्र, प्राणिशास्त्र, गणित, लॅटिन, इंग्रजी, जे पुढ्यात येईल ते तिनं शिकवलं. मध्येच अध्यापन विद्यालयाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम दोन वर्षांत उरकला, तोही वर्गात पहिला नंबर ठेवून. पुन्हा शाळा, मग ग्रंथालयातली नोकरी, आणि पगारातून शिल्लक टाकणं.

या शिलकीपाशी मी जरा थांबतो, कारण माझा जन्म बँकेच्या काउंटरमागे गेला. दरमहा थोडं थोडं बाजूला टाकणाऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर एक वेगळीच शांतता असते, ती मी पुष्कळ पाहिली आहे. पण त्या शिलकीचे हेतू ठरलेले असत. मुलाच्या नावची ठेव शिक्षणासाठी आणि मुलीच्या नावची लग्नासाठी, असं ग्राहक न विचारता सांगत. एखाद्या बाईनं स्वतःच्या पस्तिशीत स्वतःच्याच शिक्षणासाठी ठेव मोडल्याचं माझ्या पाहण्यात फार क्वचित आलं. नेटीबाईंनी ते केलं. १८९६ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी साठवलेल्या पैशावर थेट कॅलिफोर्निया गाठलं आणि स्टॅनफर्ड विद्यापीठात नाव घातलं. १८९९ मध्ये बी. ए., १९०० मध्ये एम. ए., आणि मग पेनसिल्व्हेनियातलं ब्रिन मॉर हे मुलींचं कॉलेज. तिथं थॉमस हंट मॉर्गन यांच्यासारखा गुरू लाभला, शिष्यवृत्तीवर इटलीत नेपल्सला आणि जर्मनीत वुर्झबर्गला थिओडोर बोव्हेरी यांच्याकडे काम करता आलं. १९०३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली तेव्हा वयानं चाळिशी ओलांडली होती. हातात पदवी होती, पण पुढच्या महिन्याची सोय नव्हती. त्यांनी कार्नेगी इन्स्टिट्यूशनकडे मदतीचा अर्ज केला. तो मंजूर झाला, म्हणून पुढची गोष्ट घडली.

त्या वेळी शास्त्रज्ञांना काय वाटत होतं? बहुतेकांचा कल असा, की लिंग बाहेरच्या परिस्थितीवर ठरतं. आहार, हवामान वगैरे. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडिस आणि त्यांचे सहकारी थॉमसन यांनी १८८९ मध्ये एक ग्रंथच लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की मादी ही शक्ती साठवणारी आणि नर शक्ती खर्चणारा. पोषण भरपूर तर मादी, तुटपुंजं तर नर. इथवर ते प्राणिशास्त्र होतं. पण तिथून ते स्त्री-पुरुषांच्या समाजातल्या जागेकडे वळले, आणि आदिम एकपेशीय जिवांत जे ठरून गेलं ते पार्लमेंटच्या कायद्यानं पुसता येणार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हेच गेडिस पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि नगररचनेबद्दल आपल्याकडे आदरानं ओळखले गेले. माणूस मोठा होता. पण निसर्गाच्या तोंडी आपलं मत घालण्याचा मोह मोठ्या माणसांनाही होतो.

नेटीबाईंनी असं काही केलं नाही. त्यांनी टेनेब्रिओ मॉलिटर नावाचा भुंगेरा घेतला. पिठात, साठवलेल्या धान्यात याच्या पिवळ्या अळ्या होतात. त्याच्या शरीरातल्या पेशींचे कागदाहून पातळ काप काढायचे, ते रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे आणि जे दिसेल ते हातानं रेखाटायचं. पेशीच्या केंद्रात रंग शोषून घेणारे जे बारीक धागे दिसतात त्यांना आपण गुणसूत्रं म्हणतो. नेटीबाईंनी ती मोजली. माझ्यासारख्या माणसाला हे काम ओळखीचं वाटतं. रोजकीर्द जुळत नसली की दिवे लागेपर्यंत एकेक आकडा पुन्हा पाहायचा. फरक एक रुपयाचा असला तरी त्यामागे काहीतरी असतंच.

इथंही फरक बारीकच होता. मादीच्या पेशींत वीस गुणसूत्रं, सगळी मोठी. नराच्या पेशींतही वीसच, पण एकोणीस मोठी आणि एक अगदी लहान. बीज तयार होताना ही संख्या निम्मी होते. म्हणजे मादीच्या प्रत्येक बीजात दहा मोठी, सगळी बीजं सारखी. नराच्या शुक्रपेशींचे मात्र दोन वाटे : निम्म्यांत दहा मोठी, निम्म्यांत नऊ मोठी आणि ते एक लहान. पहिल्या प्रकारची शुक्रपेशी बीजाला मिळाली तर बेरीज मादीची, दुसऱ्या प्रकारची मिळाली तर नराची. हिशेब जुळला. आहार नाही, हवामान नाही. फलन होतं त्याच क्षणी पारडं कुठल्या बाजूला झुकणार ते ठरलेलं असतं, आणि या भुंगेऱ्यात तरी ते बापाकडून येणारं बीज ठरवतं.

त्याच वर्षी कोलंबिया विद्यापीठाचे एडमंड विल्सन दुसऱ्या कीटकांवर काम करून स्वतंत्रपणे याच ठिकाणी पोचले. ते नामवंत प्राध्यापक होते, आणि पाठ्यपुस्तकांतून कित्येक वर्षं नाव राहिलं ते मुख्यतः त्यांचं. परिस्थितीचाही काही वाटा असावा, ही शंका विल्सन यांनी तेव्हा ठेवली होती. नेटीबाईंचा कौल अधिक स्पष्ट होता. खुद्द मॉर्गन गुरुजींना तर गुणसूत्रांचं हे म्हणणं पटायला १९१० साल उजाडावं लागलं. ते पटल्यावर फळमाशीवर त्यांनी जे काम केलं त्याला १९३३ मध्ये नोबेल मिळालं.

एक गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. भुंगेऱ्याचा न्याय सगळ्या सृष्टीला लागू नाही. कोंबड्यांत उलट आहे : तिथं दोन प्रकारची बीजं मादीची असतात. मगरीत अंडी किती उबेत राहिली त्यावर नर-मादी ठरतं. म्हणजे ॲरिस्टॉटलची उष्णता अगदीच वाया गेली नाही. माणसात पुरुषत्वाची चावी वाय गुणसूत्रात आहे, हे पक्कं व्हायला १९५९ साल उजाडलं, आणि त्यावरचं नेमकं जनुक लंडनच्या शास्त्रज्ञांना १९९० मध्ये सापडलं.

आणि गर्भात प्रत्यक्ष काय घडतं, ते तर आणखी विचार करायला लावणारं आहे. पहिले सहाएक आठवडे मुलाचा गर्भ आणि मुलीचा गर्भ यांच्या घडणीत डोळ्यांना फरक दिसत नाही. पुढे वृषण किंवा अंडाशय होणारा भाग एकच, दोन्ही वाटांना तयार. आणि आतल्या नलिकांच्या दोन्ही जोड्या प्रत्येक गर्भात हजर. मग वायवरचं ते जनुक जागं झालं तर वृषण घडतात, त्यांचे स्राव सुरू होतात, एक जोडी वाढते, दुसरी विरते. ते नसलं तर अंडाशयाची घडण होते. तीही आपोआप होत नाही; तिचीही स्वतंत्र जनुकं काम करत असतात. म्हणजे मुलगी हा अर्धवट राहिलेला मुलगा नव्हे. क्वचित हा क्रम नेहमीच्या वाटेनं जात नाही, गुणसूत्रं एक सांगतात आणि शरीर दुसरं. तीही आपलीच माणसं. सांगायचं ते इतकंच, की आपण सारे एकाच उंबरठ्यावरून निघालेले आहोत.

आता कुणी म्हणेल, चला, दोष बाईचा नव्हता, बाप्याचा होता हे सिद्ध झालं. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. सुनेच्या माथ्यावरचं खापर उचलून मुलाच्या माथ्यावर ठेवलं, तरी खापर शिल्लक राहतंच. बापाच्या हाती निवड असते थोडीच? कोणती शुक्रपेशी पोचणार हा नशिबाचा कौल. दोष कुणाचा, हा प्रश्नच चुकीचा आहे, कारण मुलगी होणं हा दोष नाही. हे वाक्य मात्र सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. ते आपलं आपल्यालाच म्हणावं लागतं.

ते म्हटलं नाही तर काय होतं, ते आपण महाराष्ट्रानं पाहिलं आहे. नेटीबाईंनी ज्ञानासाठी जे मोजलं, त्याच गुणसूत्रांची मोजणी पुढे गर्भजलातून होऊ लागली, सोनोग्राफी आली, आणि मुलगी आहे हे कळताच तिला नाकारणं सोपं झालं. १९८८ मध्ये याविरुद्ध कायदा करणारं आपलं राज्य देशात पहिलं. केंद्राचा कायदा १९९४ चा, २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. तरीही सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे राज्यात १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. हे आकडे अडाणीपणाचे नाहीत. तपासणीचे पैसे मोजू शकणाऱ्या, शिकल्यासवरल्या घरांचेही आहेत. विज्ञान दिवा देतं; त्या उजेडात पोथी वाचायची की घर फोडायचं, हे दिवा सांगत नाही.

नेटीबाई शेवटपर्यंत काम करत राहिल्या. भुंगेऱ्यांच्या पन्नासेक जाती त्यांनी तपासल्या, माश्या आणि मावा पाहिला. अकरा-बारा वर्षांत चाळिसाच्या आसपास शोधनिबंध लिहिले. ब्रिन मॉरनं अखेर त्यांच्यासाठी संशोधन-प्राध्यापकाची खास जागा निर्माण केली. त्या खुर्चीवर बसणं त्यांच्या नशिबी नव्हतं. स्तनाच्या कर्करोगानं ४ मे १९१२ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात त्यांचं निधन झालं. वय पन्नास. त्यांच्या देशाच्या संविधानानं स्त्रियांना मताचा हक्क दिला तो आणखी आठ वर्षांनी, १९२० मध्ये. स्त्री आणि पुरुष यांच्यातला निसर्गानं ठेवलेला फरक किती आहे, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी मोजलं होतं : वीस धाग्यांत एक धागा, तोही लहान. बाकीचा सगळा फरक माणसांनी घातलेला होता, आणि तो सोसत त्या जगल्या.