डॉ. लूसी विल्स आणि मुंबईच्या माता

घाटकोपर-मुलुंडकडून आगगाडीनें येऊन परळास उतरलें, म्हणजे थोड्याच अंतरावर हाफकिन संस्थेची जुनी भव्य इमारत लागते. पूर्वीं तेथें मुंबईच्या गव्हर्नरांचें निवासस्थान होतें. प्लेगच्या लशीमुळें ही संस्था प्रसिद्धीस आली, हें आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेलच. परंतु याच वास्तूंत एका इंग्रज विदुषीनें आमच्या शहरांतील गरीब मातांचे प्राण वांचावे म्हणून जे परिश्रम केले, त्यांची आठवण येथें फारशी कोणी काढीत नाहीं.

लूसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजीं इंग्लंडांत बर्मिंगहॅमनजीक सटन कोल्डफील्ड येथें झाला. केंब्रिजच्या न्यूनम कॉलेजांत त्यांनीं वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र यांचा अभ्यास केला व १९११ सालीं त्या परीक्षा उत्तीर्ण झाल्या. पदवी मात्र हातीं आली नाहीं. तेथील विद्यापीठानें स्त्रियांस पुरुषांच्या बरोबरीनें पदव्या देण्यास १९४८ साल उजाडावें लागलें! पुढें त्यांनीं लंडनमध्यें वैद्यकाचा अभ्यास केला. १९२० सालीं त्या डॉक्टर झाल्या; पण दवाखाना न थाटतां रॉयल फ्री रुग्णालयाच्या प्रयोगशाळेंत काम करूं लागल्या.

१९२८ सालीं विल्सबाई मुंबईस आल्या. गिरण्यांतून राबणाऱ्या व इतर गरीब स्त्रिया त्या काळीं गरोदरपणीं पांढऱ्याफटक पडत, आणि कित्येक बाळंतपणाच्या सुमारास दगावत. असें कां होतें, हें शोधण्याचें काम बाईंकडे आलें होतें.

रक्त कमी झालें म्हणजे लोह द्यावें, हा सर्वांच्या परिचयाचा उपाय. तो खोटा नव्हे. प्रौढ मनुष्याच्या सर्व शरीरांत मिळून लोह अवघें तीन-चार ग्रॅम, म्हणजे लहानशा खिळ्याइतकेंच असतें; तरी रक्तास लाली आणणारें व प्राणवायु वाहून नेणारें द्रव्य त्याच्यावांचून घडत नाहीं. लोह कमी पडलें कीं रक्तांतील तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. या स्त्रियांच्या रक्ताचा प्रकार अगदीं उलट होता. पेशी संख्येनें थोड्या, पण आकारानें नेहमींहून मोठ्या! तेव्हां उणीव दुसऱ्याच कशाची तरी असली पाहिजे.

बाईंनीं रोग्यांच्या घरच्या अन्नाची बारकाईनें चौकशी केली. ताज्या भाज्या, फळें व दूध ज्यांच्या वांट्यास क्वचितच येई, त्यांच्यांतच हा रोग अधिक आढळला. मग त्यांनीं तसेंच निकस अन्न पांढऱ्या उंदरांस घातलें. तेथें एक विघ्न आलें: उंदरांच्या अंगावरील उवांमुळें पसरणाऱ्या एका जंतूनेंच त्यांचें रक्त कमी होत असल्याचें पुढें दिसून आलें. दुसरा कोणी असता तर निराश होऊन बसला असता. बाईंनीं उंदीर सोडले व माकडांवर प्रयोग आरंभिले. मरणोन्मुख झालेल्या माकडास त्यांनीं मार्माइट दिलें. हा यीस्टचा काळा, खारट अर्क विलायतेंत लोक पावास लावून खातात. माकड सुधारलें, आणि त्याच स्वस्त अर्कानें रुग्ण स्त्रियांच्या अंगीं पुन्हां रक्त भरूं लागलें. १९३१ सालीं हा शोध ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्यें प्रसिद्ध झाला.

अर्कांतील तें अज्ञात द्रव्य ‘विल्स घटक’ म्हणून ओळखलें जाऊं लागलें. तें पालकाच्या पानांतून १९४१ सालीं वेगळें काढण्यांत आलें, आणि पान या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हें नांव मिळालें. त्याच्या अभावीं पेशी वाढते, पण दुभंगूं शकत नाहीं. म्हणून ती मोठी होते व संख्या घटते. असाच मोठ्या पेशींचा दुसरा एक पांडुरोग ब-१२ या जीवनसत्त्वाच्या अभावीं होतो. तें १९४८ सालीं हातीं आलें, तों त्याच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागीं कोबाल्ट या धातूचा एकच अणु बसलेला! दिवसाकाठीं त्या जीवनसत्त्वाचे दोन-अडीच मायक्रोग्रॅम मनुष्यास पुरतात. चिमटीच्या मिठाशींही ज्याची तुलना होऊं नये, एवढ्याशावर रक्ताचा सगळा कारभार चालावा, याचें आम्हांस फार नवल वाटतें.

पालक, मेथी, चवळी, हरभरा यांत फॉलिक आम्ल चांगलें असतें. मात्र तें पाण्यांत विरघळतें व फार उष्णतेनें नष्ट होतें. भाजी रटरटां शिजवून पाणी मोरींत ओतणाऱ्या गृहिणींनीं याचा अवश्य विचार करावा.

१९३३ च्या सुमारास बाईंचें मुंबईंतील हें काम आटोपलें. पुढें लंडनच्या युद्धकालांतही गर्भवती स्त्रियांस लोह देण्याविषयीं त्यांनीं प्रयोग केले. रुग्णालयांत त्या सायकलवरून जात. त्यांनीं लग्न केलें नाहीं. १६ एप्रिल १९६४ रोजीं त्यांचें देहावसान झालें.

आज सरकारी योजनेंतून शाळांतील मुलामुलींस आठवड्यास एक निळी गोळी मिळते. तींत ६० मिलिग्रॅम लोह असतें, आणि त्याच्या सोबतीस अर्धा मिलिग्रॅम फॉलिक आम्ल.