पद्मभूषण कै. ताराबाई मोडक

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी ज्ञातीतील एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा तो मोडून ज्ञातीबाहेरील एका विदुषीचे चरित्र आम्ही सादर करीत आहोत. ज्ञातिबांधव आणि भगिनी आमच्या या धार्ष्ट्याबद्दल क्षमा करतील, अशी आशा आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थनासमाजाचे कार्यकर्ते. त्यामुळे मुलीला शिकवावे की न शिकवावे हा प्रश्न त्या घरात उद्भवलाच नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. परंतु तो संसार टिकला नाही. लहानग्या मुलीसह त्या घराबाहेर पडल्या आणि राजकोटच्या स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्रमुख झाल्या. त्या काळी एकट्या स्त्रीने असे उभे राहणे किती कठीण होते, हे आमच्या वयाच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते भावनगरास. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर चालविले होते. मादाम माँटेसरी यांनी १९०७ साली रोम येथे आरंभिलेल्या पद्धतीवर गिजुभाईंची श्रद्धा होती. १९२३ मध्ये ताराबाई तेथे रुजू झाल्या. छडीवाचून, पाठांतरावाचून मूल शिकते, खेळणे हाच त्याचा अभ्यास असतो, हे त्यांनी तेथे डोळ्यांनी पाहिले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईस येऊन १९३६ मध्ये त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला.

येथेच थांबल्या असत्या, तरी ताराबाईंची गणना नामवंत शिक्षिकांत झालीच असती. परंतु शिशुविहारात येत होती ती शहाण्यासुरत्या, खाऊनपिऊन सुखी घरांतील मुले. माँटेसरीची साधनेही महागडी. ज्या देशाची बहुतेक मुले खेड्यांत उघडी फिरतात, तेथे हे शिक्षण पोहोचणार कसे? या प्रश्नाचा पाठपुरावा करीत १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी मुंबई सोडली व डहाणू तालुक्यात समुद्रकाठच्या बोर्डी गावी मुक्काम हलविला. त्यांना जन्माची सहकारी मिळाली ती मात्र आपल्या बोरिवलीत! येथे भरलेल्या ग्रामसेविकांच्या शिबिरात अनुताई वाघ यांची व त्यांची गाठ पडली. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, आणि मग जिद्दीने शिक्षण, असा अनुताईंचा पूर्ववृत्तांत. त्या ताराबाईंबरोबर बोर्डीस गेल्या त्या कायमच्याच.

बोर्डीस बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातील मुले तिच्याकडे फिरकेनात. मुले येत नाहीत म्हणून पालकांस बोल लावणे सोपे होते. आम्हीही नोकरीत तेच केले. ताराबाईंनी बालवाडीच उचलून वाड्यात नेली. कोणाच्या तरी अंगणात झाडलोट करावयाची, मुलांना न्हाऊमाखू घालावयाचे, नखे काढावयाची, केस विंचरावयाचे, आणि मग गाणी, गोष्टी, खेळ. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पाने आली. लहानमोठे, जडहलके, रंग व मोजणी हे सारे त्यांतच शिकून होई. ही अंगणातली बालवाडी.

येथे स्वतःचे एक पाप सांगणे भाग आहे. आमच्या वर्गातील एक मुलगा खिशात गुंजा व चिंचोके भरून आणी. आम्ही ते खिडकीबाहेर फेकून दिले आणि त्याला अंक गिरवावयास बसविले. वर्षअखेर त्याला वीसपर्यंत मोजता येत नव्हते. मोजण्याचे साधन आम्हीच फेकले होते, हे आमच्या ध्यानात आले ते निवृत्तीनंतर, ताराबाईंचे चरित्र वाचताना.

१९५७ च्या सुमारास हे कार्य बोर्डीजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांत गेले. तेथे अडचण निराळी. सातआठ वर्षांची मुलगी शाळेत यावयास तयार असे, पण कडेवर धाकटे भावंड! तेव्हा पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून ‘विकासवाडी’ उभारली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात. गुरे राखणारी पोरे तरीही बाहेरच राहत. त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जाऊ लागले, आणि ‘कुरणशाळा’ भरू लागली. गुरे चरत आणि मुले शिकत.

१९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्या निवर्तल्या. दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. कोसबाडचे काम अनुताईंनी १९९२ मध्ये देह ठेवीपर्यंत सांभाळले.

आपल्या सभागृहामागे चिंचेखाली जी मोकळी माती आहे, तेथे शेजारच्या चाळींतील लहान मुले दुपारी खेळतात. तेथे फरशी बसवून वाहने ठेवण्याची सोय करावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आहे. आम्ही त्यास लेखी हरकत घेतली असून, त्या जागी सर्व ज्ञातींच्या मुलांसाठी बालवाडी काढल्यास रोज दोन तास येऊन बसण्याचेही कळविले आहे. वार्षिक सभेत हा विषय निघेल, तेव्हा सभासदांनी अवश्य उपस्थित राहावे.