बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवणारे महाराज

वडोदऱ्यात सयाजीराव महाराजांचे नाव विद्यापीठापासून बागेपर्यंत सगळीकडे आहे. त्यांच्या शाळा आणि ग्रंथालये यांविषयी आपण नेहमी बोलतो. शब्दांसाठी त्यांनी घेतलेल्या कष्टांची आठवण मात्र क्वचितच निघते.

महाराजांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी झाला. मूळ नाव गोपाळराव. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्यांना दत्तक घेतले, तेव्हा बारा वर्षांच्या या शेतकरी घरातील मुलाला अक्षरओळखही जेमतेम होती. इलियट साहेबांच्या देखरेखीखाली शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा एकदमच शिकायच्या होत्या. एकाच गोष्टीला चार ठिकाणी चार शब्द! मुलाने नेटाने अभ्यास केला आणि १८८१ मध्ये राज्याची सूत्रे हाती घेतली. वाचनाची गोडी मग आयुष्यभर टिकली.

स्वतःला जे उशिरा मिळाले, ते प्रजेला वेळेवर मिळावे म्हणून त्यांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० पासून गावोगावी ग्रंथालये उभी राहू लागली. १८९० मध्ये निघालेल्या कलाभवनात तांत्रिक विषय देशी भाषेत शिकवायचे ठरले, तेव्हा पारिभाषिक शब्दांची उणीव भासली. कारभारातही हीच अडचण होती. हुकूम, निवाडे आणि अर्ज लोकांच्या भाषेत लिहायचे, तर नेमका शब्द हवा. एका कचेरीत एक अर्थ आणि दुसरीत दुसरा, असे चालत नाही. त्यातून १९३१ मध्ये 'सयाजी शासन शब्दकल्पतरू' हा राज्यकारभाराच्या शब्दांचा कोश निघाला. इंग्रजी शब्दांना मराठी, गुजराती, हिंदी, उर्दू, बंगाली, संस्कृत आणि फारसी प्रतिशब्द त्यात आहेत. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराज निवर्तले.

आम्ही बँकेत आयुष्यभर टिपणे लिहिली, तीही इंग्रजीत. आता मंडळाचा अहवाल मराठीत लिहायला बसलो, की 'प्रोग्राम मस्त झाला' याच्या पुढे लेखणी सरकत नाही. कार्यक्रम रंगला, जमला की नुसता पार पडला, हे तीन वेगळे अर्थ एका 'मस्त'मध्ये बुडून जातात. नातवंडे आमचेच ऐकून बोलतात, तेव्हा त्यांना बोल लावण्यात अर्थ नाही.

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. वाचताना अडलेला शब्द, तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य आणि त्याच दिवशी स्वतः रचलेले एक वाक्य, एवढेच त्यात लिहितो. नुसता पाठ केलेला शब्द आठवड्यात विसरतो, वापरलेला राहतो. महिन्याकाठी पंधरा-वीस शब्द जमतात. साठीनंतर हे जमेल का, अशी शंका येते तेव्हा आम्ही बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवणाऱ्या गोपाळरावांना आठवतो. सभासदांनीही आपापली वही घालावी, आणि नातवंडांना तिच्यात एखादा शब्द लिहू द्यावा.