गोरोबाकाकांचे हात

बीड जिल्ह्यातील युसूफ वडगावपासून शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर फार दूर नाही. तेरणेकाठच्या या प्राचीन गावी संत गोरा कुंभार यांचा जन्म इ.स. १२६७ मध्ये झाला, असे परंपरा मानते. ज्ञानेश्वर-नामदेवांच्या संतमेळ्यात ते वयाने वडील. म्हणून सारे त्यांना गोरोबाकाका म्हणत.

ओल्या मडक्याला आतून आधार देऊन बाहेरून लाकडी थापटण्याने आकार देणे हे कुंभाराचे नित्यकर्म. सरावलेल्या हाताला थापटणे वेगळे वाटत नाही. मातीची जाडी आणि ओल त्या लाकडातूनच कळते. संतांची डोकी थापटून गोरोबांनी नामदेवांचे मडके कच्चे ठरवले, ही कथा याच कारागिरीवर उभी आहे. दुखावलेले नामदेव पुढे विसोबा खेचरांना शरण गेले. जपानमध्ये अत्सुशी इरिकी व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेले माकडांवरील प्रयोग येथे आठवतात. दाताळ्याने खाऊ ओढण्यास सरावलेल्या माकडांच्या मेंदूतील काही पेशी हाताभोवतीच्या जागेबरोबरच दाताळ्याभोवतीच्या जागेचीही दखल घेऊ लागल्या होत्या.

गोरोबांच्या चरित्रातील दारुण प्रसंग सर्वश्रुत आहे. नामस्मरणाच्या तंद्रीत चिखल तुडवताना तान्हे मूल पायाखाली आले. शोकाकुल पत्नी संतीने विठ्ठलाची शपथ घालून स्पर्शास मनाई केली. पुढे तिची धाकटी बहीण रामी सवत म्हणून आली, ती दोघींना सारखेच वागवावे या अटीवर. त्यामुळे शपथ तिलाही लागू झाली. एका रात्री बहिणींनी निद्रिस्त पतीचे हात आपल्या अंगावर ठेवले. शपथ मोडली म्हणून गोरोबांनी ते हात तोडून टाकले. हातांबरोबर चाक गेले, थापटणे गेले आणि घरची भाकरीही गेली.

आषाढीला पंढरपुरात नामदेवांच्या कीर्तनात टाळी वाजवण्यासाठी त्यांनी बाहू उंचावले. हात नाहीत, याचे भानच उरले नव्हते. कथेनुसार त्याच क्षणी हात परत आले, मूलही परत मिळाले. भाविकांसाठी हा चमत्कार आहे. मात्र तुटलेला अवयव जाणवत राहतो, हे वैद्यकालाही ठाऊक आहे. सोळाव्या शतकात फ्रेंच शल्यविशारद आंब्रोआझ पारे यांनी त्याची नोंद केली होती. जखमींसाठी कृत्रिम हातांची रचना मांडणारेही तेच. कृत्रिम हात खांद्याला बांधता येतो. तो आपला वाटावा यासाठी मात्र मनातल्या त्या न गेलेल्या हाताशी त्याचा मेळ बसावा लागतो.

इ.स. १३१७ मध्ये गोरोबांनी तेर येथेच समाधी घेतली, असे मानले जाते. चैत्र वद्य त्रयोदशी ही त्यांची पुण्यतिथी.