आचार्य बाळशास्त्री जांभेकर

कोकणातील पोंभुर्ले गावी १८१२ साली जन्मलेले बाळशास्त्री विद्येच्या ओढीने मुंबईस आले. १८३२ साली, अवघ्या विशीत, त्यांनी ‘दर्पण’ पत्र काढिले. पुढे अक्कलकोटच्या राजपुत्रास शिकविले. १८३४ साली एल्फिन्स्टन विद्यालयात ते साहाय्यक प्राध्यापक झाले. त्या पदावर बसणारे ते पहिले एतद्देशीय होत. दादाभाई नौरोजी व केरो लक्ष्मण छत्रे हे त्यांचेच शिष्य. वर्गात इंग्रजी ग्रंथांचे ज्ञान देत असताही, शाळांतील मुलांकरिता त्यांनी गणित, भूगोल व व्याकरण ह्यांवर मराठीत पुस्तके रचिली. अध्यापकांस तयार करणारा वर्गही पुढे त्यांच्याच हाती आला.

१८४३ साली, मिशनरींच्या घरी राहिलेल्या श्रीपत शेषाद्री नामक मुलास ज्ञातीत परत घ्यावे, हा पक्ष त्यांनी धरिला व सनातन्यांचा रोष पत्करिला. त्या वादात ते मिशनच्या बाजूचे नव्हते. तरी मिशनच्या शाळेत शिकणाऱ्या आम्हांस त्यांचे धैर्य वंद्यच वाटते. एका मुलाकरिता स्वतःची प्रतिष्ठा पणास लावणारा शिक्षक विरळा.

मे १८४६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, ते निवर्तले. आयुष्य अल्प, परंतु शिष्यपरंपरा दीर्घ! विद्यार्थिबंधूंनो, गुरूची खरी मिळकत ती हीच, असे आम्ही समजतो.