पूल बांधणारा वनस्पतीतज्ज्ञ : थिओडोर कुक

१५ सप्टेंबर आला की आपल्याकडे विश्वेश्वरय्यांच्या फोटोला हार पडतो, दोन-चार भाषणं होतात आणि चहा-सामोसा होऊन आपण प्रॅक्टिकलला पळतो. १८८३ साली ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून पहिल्या नंबराने इंजिनिअर झाले, हे दरवर्षी ऐकून पाठ झालं आहे. पण त्यावेळी त्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल कोण होते? हा प्रश्न मी आमच्या विंगमध्ये विचारून पाहिला. उत्तर एकालाही आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही ते एका झाडामुळेच कळलं.

माझं गाव आंधळगाव, तालुका मोहाडी, जिल्हा भंडारा. आमचं गाव कोशाच्या कापडासाठी ओळखलं जातं. आजोबांचे हातपाय चालत होते तोवर घरात माग होता. गेल्या दिवाळीत त्यांनी मला सहज विचारलं, की एवढी जाडजूड पुस्तकं वाचतोस, तर ज्या येनाच्या झाडावर कोसा पोसतात त्याच्याबद्दल एखाद्या पुस्तकात काही लिहिलंय का? येन म्हणजे ऐन. मी हो म्हणून बसलो. सुट्टी संपल्यावर कृषी महाविद्यालयातल्या एका मित्राच्या कार्डावर त्यांच्या लायब्ररीत गेलो, तर तिथल्या सरांनी माझ्यासमोर तीन खंड ठेवले. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचं पुस्तक, लेखक थिओडोर कुक. ऐन सापडला. त्याची पानं, फुलं, फळं, फुलण्याचा काळ, मराठी नाव, सगळं होतं. मात्र ज्या ठिकाणांची नावं दिली होती त्यात आंधळगाव सोडा, भंडारासुद्धा नव्हता. मला जरा रागच आला. मग वाटलं, हा माणूस कोण, ते तरी बघू.

पाहिलं, आणि थक्क झालो. हा माणूस आपल्यातलाच निघाला, म्हणजे इंजिनिअर!

कुक यांचा जन्म १८३६ सालचा, आयर्लंडमधल्या वॉटरफर्ड परगण्यातला. समुद्रकाठचं ट्रामोर हे त्यांचं गाव. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिक्षण झालं आणि १८६० मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, ते नोकरीसाठी हिंदुस्थानात आले. नोकरी होती बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत. आजची पश्चिम रेल्वे ती हीच. गुजरातेतून मुंबईकडे येणाऱ्या या लाइनला मोठमोठ्या नद्या आणि खाड्या आडव्या येत होत्या. त्यातली वसईची खाडी म्हणजे मोठीच अडचण. खाली चिखल, वर भरती-ओहोटी. या खाडीवरच्या लोखंडी पुलाच्या कामावर कुक होते. आज विरार लोकलच्या दारात लटकत ही खाडी ओलांडणाऱ्या लाखो लोकांच्या गावीही हे नाव नसेल.

१८६५ मध्ये कुक पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. वय किती, तर एकोणतीस! आपल्याकडे या वयात लोक पीएच.डी.च्या गाइडच्या मागे फिरत असतात. १८५४ मध्ये सार्वजनिक बांधकाम खात्याला हाताखालची माणसं मिळावीत म्हणून सुरू झालेली ती एक छोटी शाळा होती. १८६६ मध्ये ती मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. पुढे तिचं कॉलेज ऑफ सायन्स झालं, १९११ मध्ये कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग झालं आणि आज ते सीओईपी म्हणून सगळ्या देशाला माहीत आहे. या कॉलेजचा पाया घातला गेला त्या काळात, म्हणजे १८६५ पासून १८९३ पर्यंत, तब्बल अठ्ठावीस वर्षं कुक तिथे होते. विश्वेश्वरय्या शिकून गेले ते याच काळात.

आता प्रश्न पडेल, की इंजिनिअरिंगचा प्रिन्सिपॉल झाडांच्या नादी लागला कसा? त्याचं कारण त्या कॉलेजच्या नावातच आहे. कॉलेज ऑफ सायन्समध्ये सिव्हिलबरोबर शेती आणि जंगलखात्याचेही वर्ग चालत. त्यामुळे तिथे वनस्पतीशास्त्र शिकवायला जी. एम. वुड्रो नावाचे प्राध्यापक होते आणि वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह, ज्याला हर्बेरियम म्हणतात, तोही होता. १८९० मध्ये सरकारने बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडिया स्थापन केला, तेव्हा पश्चिम भारताचं काम पुण्याच्या या कॉलेजकडे आलं आणि त्याचे प्रमुख झाले प्रिन्सिपॉल कुक. पुलांचा माणूस आता फुलांच्या सर्व्हेवर!

इथे थोडं थांबून आपल्या पायाखालच्या जमिनीबद्दल बोललं पाहिजे. त्याशिवाय कुकसाहेबांनी काय केलं ते नीट कळणार नाही.

हवाई बेटांबद्दल आपण ऐकतो. महासागराच्या मधोमध, कुठल्याही खंडापासून हजारो किलोमीटर लांब, ज्वालामुखीतून वर आलेली बेटांची रांग. तिथल्या मूळच्या फुलझाडांपैकी दहातली नऊ झाडं जगात दुसरीकडे कुठेही उगवत नाहीत. कधीतरी एखादं बी वाऱ्याबरोबर किंवा पक्ष्याच्या पोटातून तिथे पोचलं, रुजलं, आणि बाकी जगाशी संबंध तुटल्यामुळे लाखो वर्षांत वेगळंच होऊन बसलं. अशा एकाच जागच्या वनस्पतींना प्रदेशनिष्ठ म्हणतात.

आता सह्याद्री बघा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पडून आपलं दख्खनचं पठार तयार झालं. सिव्हिलवाल्यांनी जिऑलॉजीत डेक्कन ट्रॅप म्हणून वाचलं असेल. ज्या तप्त जागेवरून भारताचा भूखंड सरकत असताना हा लाव्हा बाहेर आला, ती जागा आज हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, असं भूशास्त्रज्ञ मानतात. ज्या मॉरिशसमध्ये आपली मराठी माणसं एकोणिसाव्या शतकात जाऊन राहिली, ते बेटही त्याच तप्त जागेने घडवलेलं. म्हणजे नात्याने सह्याद्री हा या बेटांचा थोरला भाऊच.

आणि वागतोही तो बेटांसारखाच. साताऱ्याजवळचं कास, पाचगणीचं टेबललँड, हरिश्चंद्रगड, आंबोली, अशा ठिकाणी माथ्यावर सपाट कातळ आहे. कोकणात त्याला सडा म्हणतात. माती वीतभरसुद्धा नाही. पावसाळ्याचे चार महिने नुसतं पाणी आणि धुकं, नंतरचे आठ महिने तवा तापावा तसा दगड तापतो. अशा जागी टिकायचं तर तिथलंच होऊन राहावं लागतं. मध्ये खोल दऱ्या, त्यामुळे एका सड्यावरचं रोप दुसऱ्या सड्यावर सहजी जात नाही. म्हणून हे सडे म्हणजे समुद्र नसलेली बेटंच. कास पठारावरचा वायतुरा, सह्याद्रीच्या कड्यांवरची कंदीलपुष्पं, हंडी-कंदिलासारख्या फुलांमुळे हे नाव पडलं, यातल्या कितीतरी जाती जगात फक्त इथल्याच. किल्ले शिवनेरीवर सापडणारं शिवसुमन, ज्याला शिंदळ माकडी असंही म्हणतात, ते तर मोजक्या कड्यांवरच उरलं आहे. त्याला शास्त्रीय नाव दिलं गेलं ते मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्यावरून, फ्रेरिया इंडिका. याच फ्रिअरसाहेबांच्या हस्ते १८६५ मध्ये कुक यांच्या कॉलेजच्या इमारतीची कोनशिला बसली होती!

अशा वनस्पतींच्या बाबतीत एक साधी गोष्ट फार मोठी ठरते. ती म्हणजे जागा. आंबा कुठे दिसला हे लिहिलं नाही तरी काही बिघडत नाही. पण जे रोप एकाच घाटात आहे, त्याचा घाट लिहायचा राहिला, तर ते रोप हरवलं तरी कोणाला पत्ता लागणार नाही.

१८९३ मध्ये कुक निवृत्त होऊन विलायतेला गेले. वय सत्तावन्न, सी.आय.ई. हा किताब मिळालेला. आता आरामखुर्चीत पेपर वाचत बसले असते तरी कोणी नावं ठेवली नसती. ते काही वर्षं लंडनच्या इम्पिरिअल इन्स्टिट्यूटमध्ये होते आणि नंतर क्यू इथल्या प्रसिद्ध बागेच्या हर्बेरियममध्ये जाऊन त्यांनी कामाला सुरुवात केली. सिंधपासून कारवारपर्यंत मुंबई इलाख्यात उगवणारी प्रत्येक फुलझाडाची जात त्यांना एका पुस्तकात आणायची होती. त्याआधी १८६१ मध्ये डाल्झेल आणि गिब्सन यांनी असं एक पुस्तक केलं होतं, पण मधल्या चाळीस वर्षांत बरीच भर पडली होती. पहिला भाग १९०१ मध्ये छापून आला तेव्हा कुक पासष्ट वर्षांचे होते. शेवटचा भाग आला १९०८ मध्ये. दीड हजारांवर पानं! ५ नोव्हेंबर १९१० ला क्यूमध्येच त्यांचं निधन झालं. म्हणजे पुस्तक संपल्यावर जेमतेम दोन वर्षं हाताशी होती.

या पुस्तकात मला सर्वांत जास्त काय आवडलं असेल तर एक छोटंसं उद्गारचिन्ह. प्रत्येक वनस्पतीचं वर्णन झाल्यावर कुक ठिकाण लिहितात आणि त्यापुढे ते रोप गोळा करणाऱ्याचं नाव. तो वाळलेला नमुना कुक यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासलेला असेल तरच नावापुढे उद्गारचिन्ह येतं. नसेल तर नाही. बस, एवढंच. आपण फील्डबुकात रीडिंग न घेता रूमवर बसून आकडे भरतो (सर, माफ करा, पण भरतो!), तेव्हा हे चिन्ह आठवावं. पुलाचा खांब किती खोल गेला हे जो अंदाजाने लिहीत नाही, तो फुलाचा पत्ताही अंदाजाने लिहीत नाही.

आणि ती नावं कोणाची आहेत? स्टॉक्स, लॉ, डाल्झेल, वुड्रो हे साहेब तर आहेतच. पण त्यांच्याच रांगेत कानिटकर आहेत आणि भिवा आहे. नुसतं भिवा! आडनाव नाही, पदवी नाही. पण त्याने घाटातून आणलेलं रोप समुद्रापलीकडे क्यूच्या टेबलावर गेलं आणि त्याच्या नावापुढे तेच उद्गारचिन्ह लागलं जे साहेबांच्या नावापुढे लागलं. पुण्याच्या हर्बेरियमचं काम पाहणारे एन. बी. रानडे यांना कोल्हापूर-रत्नागिरीमधल्या आंबा घाटात एक अनोखं झुडूप सापडलं. १८९४ मध्ये ते त्यांच्याच नावाने, ॲब्युटिलॉन रानडेई, म्हणून प्रसिद्ध झालं. मराठीत ती सोनघंटा. पुढे बराच काळ ती कोणाला दिसेना. संपली असंच लोक धरून चालले होते. पण कागदावर पत्ता होता. शोधणारे सह्याद्रीत पुन्हा गेले आणि सोनघंटा सापडली. हरिश्चंद्रगडावर एका कंदीलपुष्पाचंही असंच झालं. पत्ताच नसता तर शोधायला कोण आणि कुठे गेलं असतं?

कुक यांच्या नावाचंही एक रोप आहे, ट्रायलोबाक्ने कुकाय. हे आहे साधं गवत, पण पश्चिम घाटाबाहेर ते कुठे सापडत नाही आणि त्याच्या कुळातल्या या प्रजातीत ते एकटंच आहे. पुतळ्यापेक्षा हे बरं, दर पावसाळ्यात नव्याने उगवतं!

आता माझ्या रागाचं काय झालं ते सांगतो. पुस्तकाच्या नावातच उत्तर होतं. मुंबई इलाखा! भंडारा तेव्हा मध्य प्रांतात. कुक यांच्या नकाशात आमचं गाव नव्हतंच. शिवाय खडकही वेगळा. डेक्कन ट्रॅपचा लाव्हा नागपूरपाशी येऊन थांबतो, आमच्या तुमसर-मोहाडीकडचा दगड त्याहून कितीतरी जुना. १९५५ मध्ये बोटॅनिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं ऑफिस पुण्यात सुरू झालं, १९५८ च्या सुमारास कुक यांचं पुस्तक तीन खंडांत पुन्हा छापलं गेलं आणि १९९६ ते २००१ या काळात सर्व्हेने अख्ख्या महाराष्ट्राच्या वनस्पतींचे खंड काढले. त्यात विदर्भ आला. कुक यांच्या पहिल्या भागानंतर आमच्या बाजूची पाळी यायला जवळजवळ शंभर वर्षं लागली.

हे सगळं मी आजोबांना फोनवर सांगितलं. साहेबाने येनाबद्दल लिहिलं आहे हे ऐकून ते खूश झाले. मग त्यांनी विचारलं, की आपल्या गावाभोवती पूर्वी किती येन होते आणि आता किती उरले, हे कोणी लिहिलंय का? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मित्रहो, उद्या आपल्यातलेच कोणी रस्त्याचा सर्व्हे करतील, कोणी पवनचक्क्या उभारतील. साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या सड्यावर पवनचक्क्या उभ्या आहेतच. सडा म्हटला की आपल्याला फुकटचा सपाट प्लॉट दिसतो. तिथे चार महिने काय उगवतं, हे ड्रॉइंगवर येत नाही. काम तर करावंच लागेल, पूल कुकसाहेबांनीही बांधला. पण टोटल स्टेशन लावण्याआधी पायाखाली एकदा बघायला आणि जे दिसलं ते कुठे, कधी, एवढं लिहून ठेवायला काही खर्च येत नाही.

मी येत्या उन्हाळ्यात आंधळगावच्या शिवारातले येन मोजणार आहे. आजोबा बरोबर येतो म्हणालेत. स्वतः पाहिलेल्या झाडापुढेच उद्गारचिन्ह टाकायचं, असं आमचं ठरलंय.

– तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी